नववी नापास लेखनिक

"उपाध्ये मास्तर कोन रं हितं?"

मुलांच्या वॉर्डाबाहेर जिन्यात उभा राहून मी ओरडलो. भर दुपारची वेळ. खालून एक बारकेला माणूस काखेत घडीचा फळा आणि हातात खडूचा डबा घेऊन चढत होता. साठी उलटलेला, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. तो होता त्या पायरीवर थांबला.

"मीच. जरा हळू बोला, आत पोरं आजारी आहेत."

मी दोन पायऱ्या उतरून त्याची गचांडी धरली. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, सांगलीच्या हळद बाजारात हमाल. माझे हात बारा महिने पिवळे असायचे. त्या पांढऱ्या कॉलरवर माझी पिवळी बोटं उमटली, ती आज वीस वर्षांनीही मला दिसतात.

"माज्या भनीला काय शिकवलंस? परीक्षा झाल्याबिगर हात कापून घेऊ नको म्हनून? व्हय रं?"

"तुम्ही मायाक्काचे भाऊ का? अहो, ऐका तरी..."

ऐकायला मी आलोच नव्हतो. मी थोबाडीत दिली. चष्मा उडाला, खडूचा डबा पायऱ्यांवरून गडगडत खाली गेला. त्यांचा उजवा हात माझ्या छातीवर आला, ढकलायला की आधाराला कोण जाणे. मी तो मनगटाला धरला आणि जिन्याच्या लोखंडी कठड्यावर आपटला. एकदा आपटला, मग पुन्हा आपटला. दुसऱ्या वेळी आतून बारीक आवाज आला. म्हातारा ओरडला नाही. "अगं आई" एवढंच म्हणाला आणि पायरीवर बसला.

मी पाय उचलला होता. खोटं कशाला सांगू, लाथ बरगडीत घालायचीच होती.

"दादा!"

वर दारात माया उभी होती. डोक्यावर एक केस नाही, उजवा हात गळ्यातल्या झोळीत, डाव्या हातानं सलाईनचा स्टँड ओढत आणलेला.

"दादा, सोड त्यांना! सरांनीच मला हो म्हनायला लावलं! काल हो म्हटलं मी डॉक्टरबाईंना! आईचा अंगठा बी झालाय!"

माझा पाय तसाच हवेत राहिला. मी तीन दिवस बाजारातच मुक्कामाला होतो, हळदीची आवक सुरू झाली होती. तीन दिवसांपूर्वीची बातमी घेऊन मी आज मारायला आलो होतो.

माया, म्हणजे मायाक्का बाबू कोळेकर. वय पंधरा, इयत्ता दहावी. आम्ही जत तालुक्यातले धनगर. बाप गेल्यावर आईनं आम्हाला सांगलीला आणलं. मी नववीत आपटलो, दप्तर विहिरीत टाकलं आणि खांद्यावर पोतं घेतलं. माया मात्र हुशार निघाली. त्या वर्षी गणपतीनंतर तिचा उजवा दंड सुजला, एक्स-रे काढला, आणि त्यात हाडाला खाणारा रोग दिसला. डॉक्टरबाईंनी आईला विचारलं, "मार लागला होता का कधी?"

"नळावर पडली," आई म्हणाली. मायानं मान हलवली. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत होतो.

मग मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात औषधं सुरू झाली. तिचे केस गेले, नखं काळी पडली, उलट्यांनी पोर अर्धी झाली. जानेवारीत डॉक्टरबाई म्हणाल्या, हात खांद्यापासून काढावा लागेल, आणि तोही लवकर, नाहीतर रोग छातीत उतरेल. माया अडून बसली. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा आहे, स्वतःच्या हातानं पेपर लिहीन, मग घ्या काय घ्यायचा तो हात. कुणी तरी सांगितलं की वॉर्डात एक रिटायर मास्तर रोज चार वाजता शिकवायला येतो, त्यानंच हे खूळ भरवलंय. मला गुन्हेगार पाहिजेच होता. तो तयार मिळाला.

हवालदार आला. तोवर सरांचा हात कोपरापर्यंत सुजून टम्म झाला होता. एक नर्स मला बोट दाखवून सांगत होती, "ह्यानंच, ह्या पिवळ्या हातवाल्यानं."

"नाही," उपाध्ये सर म्हणाले. "जिन्यात पाय घसरला माझा. हे आमच्या विद्यार्थिनीचे भाऊ आहेत, उचलायला आले होते."

हवालदारानं माझ्याकडं पाहिलं, कॉलरकडं पाहिलं. "मास्तर, ह्या कॉलरीवर काय झालंय?"

"हळद आहे. लागते."

तो गेला. मी तिथंच भिंतीला टेकून उभा. पाया पडावं असं वाटत होतं, पण माझ्या पाठीत तेवढा वाक नव्हता त्या काळी. प्लास्टर घालून सर बाहेर आले आणि सरळ माझ्यासमोर येऊन थांबले.

"नाव?"

"बिरू."

"शिक्षण?"

"नववी. नापास."

"उद्या चार वाजता यायचं. उद्या, परवा, रोज. आत नऊ पोरं आहेत, त्यातली चार दहावीची. माझा फळ्यावर लिहायचा हात तू मोडलास. आता फळ्यावर तू लिहिणार."

"मला नीट लिहिता येत न्हाई, सर."

"मोडता येतो, मग लिहिता कसं येत नाही? यायचं. नाही आलास, तर मला अजून आठवेल जिन्यात काय झालं ते."

ही आमची पहिली ओळख.

चार दिवसांनी मायाचा हात काढला. ऑपरेशनच्या खोलीबाहेर मी दाराच्या चौकटीवर डोकं आपटून घेतलं, तेव्हा दोन वॉर्डबॉयनी मला धरून खाली बसवलं. आई हलत नव्हती. शुद्धीवर आल्यावर मायानं आधी डावीकडं पाहिलं, मग उजवीकडं, आणि म्हणाली, "बोटं दुखाल्यात." जी बोटं नव्हती ती. मी बाहेर जाऊन मोरीत ओकलो.

आणि चार वाजता फळ्यासमोर उभा राहिलो.

त्या वॉर्डातला वर्ग लोकांना सांगितला तर खोटं वाटतं. कुणाच्या नाकात नळी, कुणाच्या हातात सुई. डायलिसिसची दोन पोरं एक दिवसाआड यायची आणि मशिनीला जोडलेलीच गणितं करायची. सर स्टुलावर बसून बोलायचे आणि मी फळ्यावर उतरवायचो. डाव्या हातात त्यांची फुटभर लाकडी पट्टी असायची. पोरांना त्यांनी कधी बोट लावलं नाही, ती माझ्यासाठी राखीव होती. माझी वेलांटी चुकली की पट्टी. ओळ वर चढली की पट्टी.

"शेपटी कुठं चाललीय ही? बैल आहे का तुझा, सोडला की सुटला?"

पोरं खदाखदा हसायची. माया पण हसायची, पण माझ्याकडं बघून नाही. गणपतीपासून ती माझ्याशी तुटक बोलत होती आणि मी तिच्याशी तेवढंही बोलत नव्हतो.

डाव्या हातानं लिहायचा तिनं सपाटा लावला. पण महिना होत आला तरी तिला तासाभरात अर्धं पान जमेना. तेव्हा सरांनी लेखनिकाचा अर्ज काढला. विद्यार्थ्याला लिहिता येत नसेल तर बोर्ड लिहायला माणूस देऊ देतं, पण तो त्याच्याहून खालच्या इयत्तेतला पाहिजे. नाहीतर लेखनिकच उत्तरं ठोकून देईल. मायाच्या शाळेतली नववीची एक मुलगी ठरली. परीक्षेला बारा दिवस राहिले आणि त्या मुलीची आई दवाखान्याच्या फाटकातूनच सरांना म्हणाली, "जमायचं न्हाई. जवळ बसून चार चार तास लिहायचं, आमच्या पोरीला लागलं म्हंजे?"

"हा रोग लागत नसतो हो."

"तुमच्या पोरीला पाठवा मग."

सर वर आले ते घामानं थबथबून. दुसरी मुलगी बघायची, तिच्या आईबापांना समजवायचं, कोल्हापूरला बोर्डाच्या कचेरीत जाऊन मंजुरी आणायची, एवढे दिवस हातात नव्हते. मी फळा पुसत होतो. सर माझ्या पाठीकडं बघत राहिले.

"बिरू, तू नववी पास की नापास?"

"नापास म्हटलं न्हवं का."

"दाखला आहे?"

"आईच्या ट्रंकेत असंल. का?"

"दहावीपेक्षा खालची इयत्ता. तू बसतोस त्यात."

मी हसलोच. जन्मात पहिल्यांदा माझं नापास होणं कुणाच्या कामाला येत होतं. मग मायाकडं पाहिलं आणि हसू गेलं. मला वाटलं ती नाही म्हणेल. हमालाच्या अक्षरात दहावीचा पेपर कोण देईल?

"दादाच चालंल," माया म्हणाली. "दुसरं कुनी नको."

सरांनी तिच्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं. "नक्की?"

"व्हय, सर."

सर मोडका हात गळ्यात घालून एसटीनं कोल्हापूरला गेले आणि दोन दिवसांनी सही-शिक्क्याचा कागद घेऊन आले. मग माझी खरी तालीम सुरू झाली. माया सांगायची, मी लिहायचं, सर मध्ये पट्टी घेऊन बसायचे.

"नियम एक. लेखनिकानं तोंड उघडायचं नाही. कानांनी ऐकायचं, हातानं लिहायचं. तू एक शब्द बोललास तर कॉपी धरतील आणि वर्ष तिचं जाईल. नियम दोन. ती चुकीचं बोलली तरी तेच लिहायचं. माया, सांग."

"सांगली शहर पंचगंगेच्या काठी वसले आहे," माया म्हणाली.

"आगं ये! कृष्णा की! काय येड लागलं का तुला?"

पट्टी सपकन बसली, बरोबर बोटांच्या पेरांवर. "पंचगंगा लिही."

पंचगंगा लिहिलं. पण माझा जीव तोंडाशी बांधलेला. मनात आलं की जिभेवर, जिभेवरून हातात, हा माझा जन्माचा रस्ता. त्याला मध्ये कुठं थांबा नव्हता.

पेपरला चार दिवस राहिले होते. बाजारात सौद्याच्या वेळी आम्ही पोती रचत होतो. आप्पू म्हणून एक जोडीदार होता. मनानं वाईट नव्हता, उलट कळवळ्यानंच बोलला, "बिऱ्या, पोरगी वाचली ते बरं झालं बघ. पर थोटीला आता पत्करनार कोन?"

मला पुढचं नीट आठवत नाही. माझ्या हातात पोतं ओढायचा हुक होता. तो मी फेकला, एवढी अक्कल कुठून तरी आली. नाहीतर आप्पू त्या दिवशी संपला असता. पण मुठीनं मी त्याला एवढा मारला की त्याचे पुढचे दोन दात पोत्यांवर सांडले आणि पिवळ्या हळदीवर लाल थारोळं झालं. चौघांनी मला मागं ओढलं. मी ओरडत होतो, "कुनी केली थोटी? बोल! कुनी केली?" आप्पू बिचारा रक्त थुंकत म्हणाला, "आरं, मी कुटं काय म्हटलं?"

चार वाजता वॉर्डात गेलो. उजव्या हाताची मूठ सुजून वांग्यासारखी झाली होती. सरांनी ती पाहिली. पट्टी खाली ठेवली, उठले, आणि डाव्या हातानं माझ्या कानाखाली सणसणीत वाजवली.

पट्टी सोडली तर बापानंतर मला कुणी हात लावला नव्हता. मी त्यांच्या दुप्पट होतो. पण मी हललो नाही.

"पेपर होईपर्यंत हा हात तुझ्या बापाचा नाही," सर म्हणाले. "तिचा आहे. तिचा एक गेला, हा उरलाय, आणि तू तो कुणाच्या तरी दातांवर फोडून आलास? मला मारलंस, मी गिळलं. हे गिळणार नाही."

माया खाटेवर बसली होती. ती माझ्याकडं बघत नव्हती, सुजलेल्या हाताकडं बघत होती. मग नर्सला म्हणाली, "सिस्टर, बरफ द्या की जरा." चार दिवस बर्फ, शेक, मलम चाललं. त्या चार दिवसांत मी बाजाराकडं फिरकलो नाही. भीती वाटत होती, माझीच मला.

पहिला पेपर मराठीचा. आम्हाला वेगळी खोली दिली होती, शाळेची प्रयोगशाळा. तीन तासांच्या पेपरला एक तास जादा. पर्यवेक्षक म्हणून एक बाई होत्या, पाटणे मॅडम, करड्या आवाजाच्या. हातांना लिंबू, रॉकेल, राख सगळं चोळून झालं होतं, तरी बोटं पिवळीच होती.

"काय, लग्नाला जाऊन आलात का हळदीच्या?" मॅडम म्हणाल्या, आणि लगेच सूर बदलला. "लेखनिकानं बोलायचं नाही. एक शब्द जरी कानावर आला, तरी मी वर लिहीन. कळलं?"

मी मान हलवली. मायानं डाव्या हातानं हजेरीपटावर सही केली. सगळा जीव एकवटून केलेली, वाकडी, पण तिची.

धडे, कविता, व्याकरण सगळं झालं. माया हळू, स्पष्ट सांगत होती. घाम आला की थांबायची, पाणी प्यायची, पुन्हा सुरू. तिचं औषध चालूच होतं, आदल्या दिवशी तिला ताप येऊन गेला होता. तीन तास होत आले. पत्र मागं ठेवून तिनं निबंध घ्यायचा ठरवला. चार विषय होते. तिनं बोट ठेवलं ते प्रसंगलेखनावर, जे दर वर्षी हमखास येतं. मी विषय लिहिला: मी न विसरलेला प्रसंग. तालमीत तिनं बारा निबंध सांगितले होते, त्यात हा नव्हता.

"लिही," माया म्हणाली. ती खिडकीकडं बघत होती. "गणपती उठून चार दिवस झाले होते. मी मैत्रिणीकडे भूमितीचा अभ्यास करायला गेले होते. घरी यायला साडेसात वाजले."

मी लिहिलं.

"माझा भाऊ दारात उभा होता. बाजारात त्याचे कोणाशी तरी भांडण झाले होते. त्याने विचारले, कुठे होतीस. मी सांगितले. त्याला ते खरे वाटले नाही. त्याने चुलीतले लाकूड उचलले."

माझा पेन थांबला. चुलीपुढं ती कशी वळली, ओढणी कशी गळ्यात आवळली गेली, सगळं डोळ्यांपुढं आलं. सहा महिने मी ते दाबून ठेवलं होतं, आणि आता ते माझ्याच अक्षरात कागदावर उतरत होतं.

"लेखनिक, थांबलात का?" पाटणे मॅडम म्हणाल्या. "ती सांगतेय ना? लिहा."

"त्याने मला तीन वेळा मारले," माया म्हणाली. आवाज तसाच, व्याकरणाचं उत्तर सांगावं तसा. "पहिला फटका पाठीवर बसला. दुसऱ्या वेळी मी हात वर केला, तो दंडावर बसला. तिसरा कुठे लागला ते मला आठवत नाही. आई ओरडत होती. डॉक्टरांना आईने सांगितले की मी नळावर पडले. मीही तेच सांगितले."

मी लिहीत होतो. अक्षरं पुसट दिसायला लागली. एक थेंब कागदावर पडला, शाई फुटली.

"हे काय चाललंय?" मॅडम उठून जवळ आल्या.

"त्याला घाम येतो, मॅडम," माया म्हणाली. "हमाल हाय त्यो."

मॅडमनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. मग ओळीकडं पाहिलं. आणि परत जाऊन बसल्या.

"पुढे लिही. त्या दिवसापासून माझा भाऊ माझ्याशी बोलत नाही. त्याला वाटते की त्याच्या मारामुळे मला हा आजार झाला. म्हणून तो जगाला मारत सुटला आहे. त्याने माझ्या शिक्षकांचा हात मोडला. त्याने मित्राचे दात पाडले. मी डॉक्टरबाईंना खरे काय ते सांगितले आणि विचारले. त्या म्हणाल्या, माराने हा आजार होत नाही. गाठ आधीपासून होती. मलाही उन्हाळ्यापासून दंडात दुखत होते. मी कोणाला सांगितले नव्हते. मारानंतर एक्स-रे काढला, तेव्हा ती दिसली."

एवढ्या महिन्यांत मला कुणीही हे वाक्य सांगितलं असतं तर मी त्याचे पाय धरले असते. आणि आता तोंड उघडायची बंदी होती. तोंड उघडलं की तिचं वर्ष जाणार. मी डाव्या हातानं बाकाची कड धरली, इतकी की नखं दुखली.

"हे मी भावाला सांगितले नाही," माया म्हणाली. "सांगितले असते तर तो मोकळा झाला असता. मारले ते मारलेच. आजार त्याचा नाही, पण मार त्याचा आहे. मला वाटत होते, त्याने आधी माफी मागावी, मग सांगू. मी वाट बघितली. पण मला किती दिवस आहेत ते मला माहीत नाही. आणि माझा भाऊ ऐकून घेणारा माणूस नाही, मध्येच हात उचलतो. परीक्षेत त्याला बोलता येत नाही आणि हातात पेन असते. म्हणून मी हा प्रसंग इथे सांगितला आहे. पूर्णविराम."

मी पूर्णविराम दिला.

खोलीत पंखा फिरत होता. पाटणे मॅडम प्रश्नपत्रिका वाचत असल्याचं नाटक करत होत्या.

"आता पत्र राहिलंय," माया म्हणाली. "नळाला पाणी येत नाही, म्हणून महापालिका आयुक्तांना तक्रार. लिही, प्रति..."

आणि मी लिहिलं. प्रति, माननीय आयुक्त. पुढची पस्तीस मिनिटं मी गप्प बसलो. त्याआधी आणि त्यानंतर मी बरीच ओझी उचलली, पण त्या पस्तीस मिनिटांएवढं जड काही माझ्या वाट्याला आलं नाही.

निकालाचं आताच सांगून टाकतो. ती पास झाली, मराठीत शंभरपैकी चौऱ्याहत्तर. सरांनी पेढे वाटले ते डाव्या हातानं, कारण उजवा पुन्हा पूर्वीसारखा वळला नाही. माया अकरावीला गेली. अकरावीच्या वर्षात रोग छातीत उतरला, आणि बारावीचा फॉर्म भरायचा राहिला. मी आजही चार वाजता त्या वॉर्डात जातो. फळ्यावर लिहितो. सर आता नाहीत, पट्टी आहे.

पण मराठीच्या पेपरच्या त्या दिवशी, शाळेच्या फाटकाबाहेर, ते सगळं पुढं होतं. उन्हात पोरांची, आईबापांची गर्दी. उपाध्ये सर लिंबाच्या झाडाखाली छत्री धरून उभे होते. आम्हाला पाहून पुढं आले, माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि तिथंच थांबले. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. निबंध त्यांच्यापाशी आधीच तपासून झाला होता.

"माजं चुकलं," मी मायाला म्हणालो.

"काय चुकलं?"

ती मला सोडणार नव्हती. भोवती माणसं होती, ऐकत होती.

"मी तुला मारलं."

"किती बारी?"

"तीन."

"तिसरा कुटं लागला?"

तिला आठवत नव्हतं, तसं मी माझ्याच हातानं लिहून आलो होतो. मला आठवत होतं. सहा महिने रोज आठवत होतं.

"कानामागं," मी म्हणालो. "डाव्या. तू खाली पडलीस तवा."

मायानं डावा हात उचलला. कानामागं, बिनकेसाच्या कातडीवर बोटं फिरवली, तिथं काही सापडतंय का बघावं तशी. मग हात खाली घेतला आणि माझी बाही धरली.

"बरं," ती म्हणाली. "परवा हिंदीचा पेपर हाय. घरी गेल्यावर हात शेकून घे."